पादचारी क्रॉसिंगजवळ सुरक्षितपणे वाहन चालवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढे पादचारी क्रॉसिंग आहे हे दिसल्यावर चालकाने सर्वांत आधी काय करावे?

पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा, आरशात मागची वाहतूक पाहावी आणि दोन्ही बाजूंच्या पदपथांच्या कडा नजरेखालून घालाव्यात. ब्रेक दाबण्याची वेळ येवो अथवा न येवो, या तीन गोष्टी प्रत्येक क्रॉसिंगपाशी व्हायलाच हव्यात. क्रॉसिंगवरची सुरक्षितता ही चालकाच्या ऐनवेळच्या चपळाईवर फारशी अवलंबून नसते. क्रॉसिंगच्या चाळीस-पन्नास मीटर अलीकडे त्याने वेग किती ठेवला होता आणि तो कुठे पाहत होता, यावर ती बहुतांशी ठरून गेलेली असते. पुढील जवळजवळ सर्व उत्तरांचा आधार हाच आहे.

माणूस दिसला की ब्रेक लावता येतोच. मग रस्ता मोकळा असताना वेग आधीच का कमी करायचा?

कारण ब्रेक लावण्याचा निर्णय आणि गाडी प्रत्यक्ष उभी राहणे यांच्यामध्ये बरेच अंतर कापले जाते, आणि वेग थोडा वाढला तरी ते अंतर फार वाढते. धोका नजरेस पडल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार त्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते आणि रस्ता कोरडा, टायर चांगले व ब्रेक पूर्ण दाबलेले असले तरी थांबण्यासाठी आणखी तेवढेच अंतर घेते. म्हणजे एकूण सुमारे २८ मीटर. तीच मोटार ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असेल तर १३ ते १४ मीटरमध्ये उभी राहते. या दोन आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा: ३० च्या वेगाची गाडी ज्या ठिकाणी पूर्ण थांबलेली असते, त्या ठिकाणी पोहोचेपर्यंत ५० च्या वेगाच्या गाडीचे ब्रेक जेमतेम लागू लागलेले असतात, म्हणजेच ती तिथल्या माणसाला जवळपास पूर्ण वेगाने धडकते.

दुसरी तुलनाही तितकीच बोलकी आहे. ताशी ५० च्या वेगाची गाडी जिथे थांबते, तिथे ताशी ६० च्या वेगाने आलेली गाडी, चालकाने त्याच क्षणी आणि तितक्याच जोराने ब्रेक लावूनही, ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने पोहोचते. केवळ दहाचा फरक असूनही एका प्रसंगात पादचारी बचावतो आणि दुसऱ्यात त्याला ४० च्या वेगाची धडक बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मोटारीच्या समोरच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका, धडकेचा वेग ५० वरून ६५ वर गेला की साडेचार पट होतो. ‘मी थोडाच जोरात होतो’ हे वाक्य या आकड्यांसमोर टिकत नाही.

पादचारी अजून पदपथावरच उभा आहे. त्याने रस्त्यावर पाय ठेवलेला नसताना थांबणे आवश्यक आहे का?

निव्वळ कायद्याच्या अंगाने पाहिले तर देशोदेशी नियमांचे शब्द वेगवेगळे आहेत. काही ठिकाणी पादचाऱ्याने क्रॉसिंगवर पाऊल ठेवल्यानंतर चालकाचे थांबण्याचे कर्तव्य सुरू होते, तर काही ठिकाणी तो ओलांडण्यासाठी उभा असला तरी थांबावे लागते. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूकविषयक आंतरराष्ट्रीय करारात मात्र जे तत्त्व मांडले आहे, ते चालकाने कुठेही पाळण्याजोगे आहे: क्रॉसिंगजवळ येताना वेग इतका मर्यादित असावा की क्रॉसिंगवर आलेल्या किंवा येऊ घातलेल्या पादचाऱ्यांना धोका पोहोचणार नाही, आणि आवश्यक असल्यास थांबून त्यांना जाऊ द्यावे.

‘येऊ घातलेला’ पादचारी ओळखणे सरावाने जमते. पदपथाच्या अगदी कडेला आलेला पाय, रस्त्याच्या दिशेने वळलेले खांदे, वाहतुकीकडे वळणारी मान, चालता चालता मंदावलेली पावले ही त्याची चिन्हे. त्याची आणि आपली नजरानजर झाली तर चांगलेच, पण तेवढ्यावर विसंबू नये. काचेवर पडलेल्या उन्हाच्या झळाळीमुळे पादचाऱ्याला चालकाचा चेहरा अनेकदा दिसतच नाही, आणि आपल्या दिशेने पाहणाऱ्या माणसाने आपली गाडी टिपलीच असेल असेही नाही. शंका असेल तिथे थांबावे. विनाकारण थांबलो असे वाटले तरी त्यात गेलेले काही सेकंद ही फार मोठी किंमत नव्हे.

शेजारच्या लेनमधील गाडी क्रॉसिंगपाशी थांबली आहे, पण आपली लेन मोकळी आहे. पुढे जावे का?

जाऊ नये. या पानावरील एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे असावे.

एकाच दिशेला दोन किंवा अधिक लेन असलेल्या रस्त्यावर घडणाऱ्या या अपघाताचे स्वरूप ठरलेले असते. पहिल्या लेनमधील चालक पादचाऱ्यासाठी थांबतो. आपल्यासाठी कोणीतरी थांबले आहे या विश्वासाने पादचारी निघतो. थांबलेली गाडी, विशेषतः ती बस, ट्रक किंवा उंच मोटार असेल तर, पादचाऱ्याला दुसऱ्या लेनमधील चालकापासून पूर्णपणे झाकते आणि दुसऱ्या लेनमधून येणारी गाडी पादचाऱ्यापासून झाकते. दोघेही एकमेकांना दिसतात ते शेवटच्या दोन-तीन मीटरवर. तोपर्यंत कोणाच्याच हातात काही उरलेले नसते. इथे पादचाऱ्याने काहीही चूक केलेली नसते. पहिल्या चालकाने तर सौजन्यच दाखवलेले असते.

म्हणून क्रॉसिंगजवळ थांबलेले किंवा वेग कमी करत असलेले कोणतेही वाहन दिसले, की ते कोणासाठी तरी थांबले आहे असेच गृहीत धरावे. त्याच्या शेजारी येऊन आपणही पूर्ण थांबावे, क्रॉसिंग शेवटपर्यंत दिसेल याची खात्री करावी आणि मगच निघावे. व्हिएन्ना करारातही यासाठी स्वतंत्र तरतूद आहे: क्रॉसिंगकडे जाणाऱ्या किंवा त्याच्या अलीकडे थांबलेल्या वाहनाला मागे टाकायचे असेल, तर क्रॉसिंगवर पादचारी असल्यास तत्काळ थांबता येईल इतक्या कमी वेगानेच तसे करता येते. अनेक देशांचे नियम याहून कडक आहेत आणि क्रॉसिंगजवळ ओव्हरटेक करण्यास पूर्ण मनाई करतात.

रस्त्यावर पट्टे रंगवलेले असले की पादचारी आपोआप सुरक्षित होतो ना?

होत नाही, आणि याचे पुरावे जुने आहेत. ब्रिटनमध्ये १९३४ च्या सुमारास नारिंगी गोलक बसवलेल्या खांबांनी क्रॉसिंग दाखवण्यास सुरुवात झाली आणि रस्त्यावर धातूच्या खुंट्यांच्या रांगा बसवल्या गेल्या. पण त्या खुंट्या दुरून येणाऱ्या चालकाच्या नजरेत भरत नसत. पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चाचण्या झाल्या आणि १९५१ मध्ये झेब्रा क्रॉसिंग नियमित स्वरूपात आले. पट्ट्यांमुळे क्रॉसिंग दिसू लागले, परंतु दिसणे आणि थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने ३० शहरांतील १,००० पट्टे असलेल्या आणि १,००० पट्टे नसलेल्या जागांचा अभ्यास करवला होता. ज्या बहुलेन रस्त्यांवरून दिवसाला १२,००० हून अधिक वाहने जातात, तिथे सिग्नल, दुभाजकातील थांबा यांसारखी कोणतीही जोड न देता नुसते पट्टे रंगवलेल्या ठिकाणी पादचाऱ्यांच्या अपघातांचे प्रमाण पट्टे नसलेल्या तशाच जागांपेक्षा जास्त आढळले. वर सांगितलेला, थांबलेल्या गाडीआडून घडणारा अपघात हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. रुंद रस्त्यावरचे साधे क्रॉसिंग चालकाने अधिक जपून पार करावे, ते यासाठीच.

थांबताना गाडी नेमकी कुठे उभी करावी?

थांबरेषा असेल तर तिच्या अलीकडे. रेषा नसेल तर पट्ट्यांपासून किमान दोन-तीन मीटर अलीकडे, आणि रस्त्यावर एकाहून अधिक लेन असतील तर त्याहूनही मागे, कारण आपण जितके मागे थांबू तितका शेजारच्या लेनमधील चालकाला पादचारी लवकर दिसतो. पुढची चाके पट्ट्यांवर चढवून थांबल्यास पादचाऱ्याला आपल्या गाडीला वळसा घालून भर रस्त्यात उतरावे लागते. चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीला आणि बाबागाडी ढकलणाऱ्या पालकांना तर तो मार्गच उरत नाही.

वाहतूक तुंबलेली असताना हाच नियम वेगळ्या रूपात लागू होतो. क्रॉसिंगच्या पलीकडे आपली पूर्ण गाडी मावेल इतकी जागा दिसल्याशिवाय क्रॉसिंगवर शिरू नये.

थांबल्यावर पादचाऱ्याला हात करून किंवा दिवे चमकवून ‘जा’ असे सांगावे का?

सांगू नये. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होऊ शकतो. आपण हात केला की पादचारी आपल्यावर भरवसा ठेवून इतर लेन न पाहता निघतो, आणि त्या लेनमधून काय येत आहे याची हमी आपण देऊ शकत नाही. अप्पर-डिपर चमकवण्याचा अर्थ तर काही चालकांच्या लेखी ‘तुम्ही जा’ असा आणि काहींच्या लेखी ‘मी येतोय, थांबा’ असा असतो. गाडी हळूहळू आणि स्पष्टपणे थांबवणे, थांबल्यावर तिला पुढे सरकू न देणे आणि वाट पाहणे, एवढा संकेत पुरेसा आहे. ओलांडायचे की नाही हा निर्णय पादचाऱ्याचा असावा.

हॉर्न वाजवावा का?

धडक टाळण्यासाठी समोरच्याला सावध करणे अपरिहार्य असेल तरच. ओलांडणाऱ्या माणसाने घाई करावी म्हणून वाजवलेला हॉर्न त्याला दचकवतो. दचकलेला माणूस जागीच थबकतो, मागे पळतो किंवा समोर न पाहता धावतो, आणि यातले काहीही चालकाच्या उपयोगाचे नसते.

मागची गाडी अगदी चिकटून येत आहे. अचानक थांबलो तर ती धडकेल. अशा वेळी काय करावे?

ही काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तर ‘न थांबता निघून जावे’ हे नाही. क्रॉसिंग दुरून दिसते तेव्हाच ब्रेक हलका दाबला तर मागचे लाल दिवे लागतात आणि मागच्या चालकाला दोन-तीन सेकंद आधी सूचना मिळते. वेग आधीपासून हळूहळू उतरवत आणल्यास जोराने ब्रेक दाबण्याची वेळच सहसा येत नाही. तरीही पादचारी समोर असेल आणि दोन्हींपैकी एकच निवडायचे असेल, तर ब्रेकच दाबावा: मागून बसणारी धडक पत्रा, बंपर, सीटबेल्ट आणि हेडरेस्ट झेलतात, पादचाऱ्याभोवती यातले काहीच नसते.

सिग्नल हिरवा झाला, पण कोणीतरी अजून रस्त्याच्या मध्यावर आहे. आपल्याला निघण्याचा हक्क आहे ना?

हिरव्या दिव्याचा अर्थ ‘रस्ता मोकळा असेल तर निघा’ इतकाच आहे. निरोगी प्रौढ माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो; सात मीटरचा रस्ता ओलांडण्यास त्याला सहा सेकंद पुरतात. गुडघे दुखणारी वृद्ध व्यक्ती सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास चालत असेल, तर तिला नऊ सेकंद लागतात, आणि ती वेळेत निघूनही दिवा बदलताना मध्येच असू शकते. अशा वेळी इंजिनाचा आवाज वाढवणे किंवा इंच-इंच पुढे सरकणे हे सरळ सरळ धमकावणे आहे. ती व्यक्ती आपल्या गाडीच्या रेषेतून पूर्ण पलीकडे जाईपर्यंत थांबावे.

वळण घेताना पादचारी दिसत नाहीत, असे का होते?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण लक्षाचे आहे. वळणाऱ्या चालकाची नजर समोरून किंवा बाजूने येणाऱ्या वाहनांमधली फट शोधण्यात गुंतलेली असते. फट मिळताच तो वेगाने गाडी घालतो, आणि ज्या रस्त्यात शिरायचे त्याच्या तोंडाशी असलेले क्रॉसिंग त्याच्या ध्यानात सर्वांत शेवटी येते.

दुसरे कारण गाडीच्या रचनेत आहे. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना असलेले खांब अलीकडच्या गाड्यांत मजबुतीसाठी बरेच जाड झाले आहेत. गाडी वळत असताना पादचारीही चालत असतो, त्यामुळे तो त्या खांबाच्या आड एखादा क्षण येऊन निघून जाण्याऐवजी कित्येक सेकंद खांबाच्या मागेच राहू शकतो. चालकाला त्या काळात रिकामा रस्ता दिसतो. यावर उपाय सोपा आहे आणि तो फार थोडे लोक करतात: वळण्यापूर्वी आणि वळताना आसनावर किंचित पुढे व बाजूला झुकून खांबाच्या दोन्ही अंगांनी पाहावे, आणि फट मिळाल्यावर निघण्याआधी क्रॉसिंगवर पुन्हा एकदा नजर टाकावी.

बस आणि ट्रक चालवणाऱ्यांसाठी आणखी एक भर. लांब वाहनाची मागची चाके वळताना पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि पदपथाच्या कोपऱ्याला घासून जाऊ शकतात, जिथे माणसे ओलांडण्यासाठी उभी असतात. केबिनच्या अगदी समोर आणि दाराच्या खाली उभे असलेले लहान मूल उंच आसनावरून दिसत नाही, म्हणून निघण्यापूर्वी सर्व आरसे पाहण्याचा क्रम कधीही मोडू नये.

रात्री आणि पावसात कोणती वेगळी काळजी घ्यावी?

डिपरवरचे दिवे रस्ता साधारण ४० ते ६० मीटरपर्यंतच नीट उजळतात. गडद कपडे घातलेला माणूस त्याहून खूप जवळ आल्यावर दिसतो, आणि त्याला मात्र आपले दिवे लांबून दिसत असल्यामुळे आपणही त्याला दिसतो आहोत असे तो समजून चालतो. समोरून वाहन येत असेल तर दोन्ही गाड्यांच्या प्रकाशाच्या मध्ये सापडलेला पादचारी झळाळीत जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून समोरून दिवे येत असताना क्रॉसिंग आले, तर मोकळे दिसत असूनही वेग उतरवावा. समोरची काच बाहेरून जितकी स्वच्छ ठेवतो तितकीच आतूनही पुसावी. आतल्या बाजूला साचलेला पातळ थर दिवसा जाणवत नाही, पण रात्री प्रत्येक दिवा पसरट करतो.

ओल्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास २८ ऐवजी ३५ ते ४० मीटर घेऊ शकते. बऱ्याच दिवसांच्या कोरड्या हवेनंतर पडलेल्या पहिल्या सरीत तेल, धूळ आणि रबराचे कण पाण्यात मिसळून रस्ता विशेष निसरडा होतो. पादचारीही पावसात मान खाली घालून, छत्री समोर धरून घाईने चालतात, आणि त्या छत्रीआड त्यांना आपली गाडी दिसत नाही.

दुचाकीस्वारांनी काय लक्षात ठेवावे?

रंगवलेले पट्टे ओले झाले की डांबरापेक्षा घसरडे होतात, त्यामुळे ब्रेक पट्ट्यांच्या अलीकडे, गाडी सरळ असताना लावावा. पट्ट्यांवर वळत ब्रेक दाबू नये. थांबलेल्या गाड्यांच्या रांगांमधून वाट काढत पुढे जाणे क्रॉसिंगजवळ अत्यंत धोक्याचे आहे, कारण त्या फटीतून दुचाकी येईल अशी पादचाऱ्याची अपेक्षाच नसते.

लहान मुलांच्या बाबतीत वेगळे काय करावे?

येणाऱ्या गाडीचा वेग आणि तिचे अंतर यांचा मेळ घालण्याची क्षमता मुलांमध्ये हळूहळू विकसित होते. मूल आपल्याकडे पाहत उभे असले तरी त्याने योग्य निष्कर्ष काढला असेल असे मानता येत नाही. त्याची उंची उभ्या केलेल्या मोटारीच्या बॉनेटइतकीच असते, त्यामुळे क्रॉसिंगच्या जवळ गाड्या उभ्या असतील तर त्यांच्या मधल्या फटींकडे आणि शक्य असल्यास चाकांखालून दिसणाऱ्या पायांकडे लक्ष ठेवावे. एक मूल धावत पलीकडे गेले, की त्याच्या मागे दुसरे येणार असे धरूनच चालावे. क्रॉसिंगच्या लगत स्वतःची गाडी कधीही उभी करू नये, ‘दोनच मिनिटे’ म्हणूनसुद्धा नाही; ती गाडी एखाद्या मुलाला झाकणारा आडोसा ठरते.

अंध व्यक्ती पांढरी काठी घेऊन उभी असेल तर?

पूर्ण थांबावे आणि थांबूनच राहावे. अंध पादचारी वाहतुकीच्या आवाजावरून अंदाज घेतो, म्हणून हॉर्न, ओरडून दिलेली सूचना किंवा पुढे-मागे सरकणारी गाडी त्याचा गोंधळ वाढवते. अंधांना वाट कळावी म्हणून पदपथावर बसवलेल्या उंचवट्यांच्या फरशा प्रथम जपानमधील ओकायामा शहरात १९६७ मध्ये बसवण्यात आल्या आणि पुढे जगभर पसरल्या. गोल ठिपक्यांची फरशी ‘इथे सावध व्हा’ असे सांगते, लांब पट्ट्यांची फरशी चालण्याची दिशा दाखवते. पदपथाच्या कडेला अशा ठिपक्यांची रांग दिसली तर तिथून न पाहू शकणारी व्यक्ती रस्त्यावर उतरू शकते, हे चालकाने ओळखावे.

इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कमी वेगात तिचा आवाज इतका क्षीण असतो, की युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून सर्व नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड मोटारींना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज करणारी यंत्रणा बंधनकारक केली. आपल्या गाडीत ती असली तरी गजबजाटात तो आवाज ऐकू जाईलच असे नाही.

गाडीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. तिच्यावर किती विसंबावे?

तिचा उपयोग निश्चित होतो आणि ती कधीही बंद करून ठेवू नये. मात्र अंधार, मुसळधार पाऊस, कॅमेऱ्यावरील चिखल, वळण आणि दुसऱ्या वाहनाच्या आडून अचानक आलेला माणूस या परिस्थितींत ती कमी पडू शकते, आणि चालकाचे डोळेही नेमके तिथेच कमी पडतात. ती आहे म्हणून वेग पाचानेही वाढवू नये.

पादचारीच मोबाइलमध्ये पाहत, सिग्नल तोडून ओलांडत असेल तर चूक त्याची नाही का?

चूक त्याचीही असू शकते. तरीही टाळता येणारी धडक टाळण्याची जबाबदारी चालकावरून उतरत नाही, कारण दीड टनाचे यंत्र त्याच्या हातात असते. आणि मोबाइलचा प्रश्न आलाच आहे, तर हेही पाहावे: ताशी ५० च्या वेगाने जाताना चालकाने दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर गाडी जवळजवळ २८ मीटर त्याने न पाहताच कापते. हे अंतर त्याच वेगात थांबण्यासाठी लागणाऱ्या संपूर्ण अंतराइतके आहे.

सर्व काळजी घेऊनही पादचाऱ्याला धक्का लागला तर काय करावे?

गाडी तत्काळ थांबवावी, धोक्याचे चारही दिवे लावावेत आणि मागून येणारी वाहतूक जखमी व्यक्तीपर्यंत पोहोचणार नाही अशी व्यवस्था करावी. आपत्कालीन क्रमांकावर लगेच फोन करून जागा नेमकी सांगावी. आग किंवा दुसऱ्या वाहनाचा थेट धोका नसेल तर जखमीला हलवू नये, उठवून बसवू नये आणि पाणी पाजू नये. मान व पाठ स्थिर ठेवावी, रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा आणि त्याच्याशी शांतपणे बोलत राहावे. ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणत तो उठून निघाला, तरी त्याला वैद्यकीय तपासणीसाठी थांबवण्याचा प्रयत्न करावा, कारण डोक्याच्या आणि पोटाच्या आतील दुखापतींची लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. मदत पोहोचेपर्यंत आणि पोलिसांना माहिती देऊन होईपर्यंत तिथून जाऊ नये.